पेरणीच्या तोंडावर घेतलेले बनावट डीएपी

माझी शेती जेमतेम दोन एकर आहे. पेरणीच्या तोंडावर डीएपी (डाय-अमोनियम फॉस्फेट) या खताची टंचाई होती, आणि अशा वेळी ज्याच्याकडे माल आहे त्याला कागदपत्रे विचारण्याची हिंमत सहसा कोणी करत नाही. मीही केली नाही. संध्याकाळी टेम्पो घेऊन आलेल्या विक्रेत्याने ओळखीच्या छापाच्या चार गोण्या बांधावर उतरवल्या, पावती नंतर देतो म्हणाला आणि रोख पैसे घेऊन गेला. एका गोणीचे तोंड हाताने शिवलेले होते, हे मला उतरवतानाच दिसले होते.

मका गुडघ्याला लागण्याआधीच पानांच्या कडा जांभळ्या पडल्या. थंडीनेही असे होते, या समजुतीत मी आठवडा घालवला. शेवटी रोप उपटले तेव्हा मुळे विरळ आणि आखूड होती, आणि त्यांच्याशेजारी खताचे दाणे तसेच पडलेले होते. एक दाणा चिरडला तर काळपट रंग बोटाला लागला आणि आतून माती निघाली.

अस्सल डीएपीत १८ टक्के नत्र (नायट्रोजन) आणि ४६ टक्के स्फुरद (मुळांच्या वाढीला लागणारे फॉस्फेट), म्हणजे ५० किलोच्या गोणीत अनुक्रमे ९ आणि २३ किलो असते. युरिया बनावट निघाला तर नत्राचा पुढचा हप्ता वाढवून थोडेफार सावरता येते. स्फुरद मात्र मातीत फारसे हलत नाही, उभ्या पिकात वरून टाकले तरी मुळांपर्यंत वेळेत पोहोचत नाही, म्हणून पेरणीची मात्रा चुकली की त्या हंगामापुरती ती चुकलीच. मी घाबरून युरिया टाकला. पीक हिरवे झाले, कणसे भरली नाहीत.

जी परीक्षा आधी करायला हवी होती, ती मी उरलेल्या खतावर केली. चिमूटभर दाण्यांत चुना घालून तळहातावर चोळले की अस्सल डीएपीतून नाकाला झोंबणारा अमोनियाचा वास येतो. माझ्या हाताला कसलाच वास आला नाही. तव्यावर मंद आचेवर दाणे फुगायला हवे होते, तेही फुगले नाहीत. अन्नद्रव्यांचे नेमके प्रमाण प्रयोगशाळेतच कळते, पण निव्वळ माती ओळखायला एवढे पुरते.

तक्रार करायला गेलो तेव्हा पावती, बॅच क्रमांक आणि न फोडलेली एक गोणी मागितली. पावती मिळालीच नव्हती, गोण्या चारही फोडलेल्या होत्या, आणि उघड्या गोणीत भेसळ तुम्हीच केली नाही कशावरून, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते.

यंदा तसाच टेम्पो आला होता. मी चुना घेऊन गेलो आणि एक गोणी फोडायला सांगितली, तर वेळ नाही म्हणून तो निघून गेला.