ताबा रखडला तर महारेराकडे जावे की ग्राहक आयोगाकडे?

करारनाम्यातील ताब्याची तारीख उलटते, इमारत सातव्या मजल्यावर अडते, बिल्डरच्या कार्यालयात दर खेपेला नवी तारीख मिळू लागते आणि फ्लॅटधारकांच्या व्हॉट्सॲप गटात एकच प्रश्न फिरू लागतो: महारेरा की ग्राहक आयोग? महारेरा, म्हणजे महाराष्ट्राचे स्थावर संपदा नियामक प्राधिकरण, आणि ग्राहक आयोग हे दोन्ही दरवाजे उघडे आहेत, याबद्दल आता शंका उरलेली नाही. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, 2016 म्हणजेच रेरा कायद्याच्या कलम 79 ने दिवाणी न्यायालयाचा मार्ग बंद केला असला, तरी ग्राहक आयोगाचा मार्ग त्यामुळे बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मधील इम्पीरिया स्ट्रक्चर्स खटल्यात स्पष्ट केले. अर्थात एकाच मागणीसाठी दोन्हीकडे एकाच वेळी बसता येत नाही. एक जागा निवडावीच लागते. निवड करताना बहुतेक जण आदेश कोठे लवकर मिळेल एवढेच पाहतात. माझ्या मते त्याआधी दोन गोष्टी ठरवायला हव्यात: आपल्याला नेमके काय हवे आहे, आणि आदेश हाती आल्यावर त्याची वसुली कोणत्या वाटेने होणार आहे.

प्रथम कोणाचे प्रकरण कोठे बसते ते पाहू. महारेराकडे जाण्यासाठी प्रकल्प रेरा कायद्याच्या कक्षेत असावा लागतो. 500 चौरस मीटरपेक्षा मोठा भूखंड आणि आठपेक्षा जास्त सदनिका असलेल्या प्रकल्पाची नोंदणी सक्तीची आहे, आणि 1 मे 2017 रोजी काम चालू असून पूर्णत्वाचा दाखला मिळालेला नव्हता अशा प्रकल्पांनाही ती लागू झाली. त्याआधीच दाखला मिळालेली जुनी इमारत या कक्षेबाहेर राहते; तिच्या रहिवाशांना ग्राहक आयोगच गाठावा लागतो. उलट, ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 मध्ये तक्रारदार ‘ग्राहक’ असावा लागतो, आणि व्यापारी हेतूने घेतलेली सेवा त्या व्याख्येत बसत नाही. एकाच इमारतीत चार फ्लॅट घेतलेल्या माणसाला आयोगासमोर पहिला आक्षेप बहुधा हाच ऐकावा लागतो. रेरा कायद्यातील ‘वाटपग्राही’ (म्हणजे प्रकल्पात सदनिका घेतलेला खरेदीदार) या संज्ञेला अशी अट नाही.

आयोगाची पायरी ठरते ती फ्लॅटच्या आजच्या बाजारभावावरून नव्हे, तर प्रत्यक्ष भरलेल्या मोबदल्यावरून. हा 2019 च्या कायद्याने आणलेला बदल अजूनही अनेकांच्या लक्षात येत नाही. डिसेंबर 2021 च्या नियमांनुसार 50 लाख रुपयांपर्यंत जिल्हा आयोग, 50 लाख ते 2 कोटी राज्य आयोग आणि त्यापुढे राष्ट्रीय आयोग अशी विभागणी आहे. म्हणजे 60 लाखांचा फ्लॅट असून त्यापैकी 48 लाख भरले असतील, तर तक्रार जिल्हा आयोगातच दाखल होईल, आणि तिचे शुल्क 1,000 रुपये असेल. महारेराकडे तक्रारीचे शुल्क 5,000 रुपये आहे. परंतु एवढ्या व्यवहारात शुल्कातील फरकावरून निर्णय घेणे योग्य नाही. त्याहून महत्त्वाचा फरक ठिकाणाचा आहे. ग्राहक ज्या जिल्ह्यात राहतो किंवा नोकरी करतो तेथील आयोगात तो तक्रार करू शकतो. पनवेलमध्ये फ्लॅट घेतलेल्या नागपूरच्या कुटुंबाला ही सोय मोठी असते. महारेराकडे तक्रार मात्र ऑनलाइन दाखल करता येत असल्याने तेथेही अंतराची अडचण पूर्वीइतकी उरलेली नाही. दोन्हीकडे वकील सक्तीचा नाही.

आता मूळ मुद्दा, म्हणजे काय मागायचे. ज्याला घर हवेच आहे आणि प्रकल्प सोडायचा नाही, त्याच्यासाठी रेराचे कलम 18 स्पष्ट आहे: ताबा मिळेपर्यंत उशिराच्या प्रत्येक महिन्याचे व्याज. महाराष्ट्राच्या नियमांत व्याजाचा दर स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआरपेक्षा (बँकेच्या कर्जाचा आधारभूत व्याजदर) 2 टक्के अधिक असा बांधून दिलेला आहे. वरचेच उदाहरण घ्या. 48 लाख रुपये करारातील ताब्याच्या तारखेपूर्वीच भरलेले आहेत आणि एकूण दर 11 टक्के आला असे धरले, तर वर्षाचे व्याज 5 लाख 28 हजार, महिन्याचे 44,000 आणि अठरा महिन्यांच्या विलंबाचे 7 लाख 92 हजार रुपये होते. हा आकडा तक्रारदाराला कागदावर स्वतः मांडता येतो, त्यासाठी कोणाच्या विवेकावर अवलंबून राहावे लागत नाही, आणि महारेराचा खरा फायदा येथेच आहे. आयोगातही विलंबाची भरपाई मिळते. मात्र तिचा दर व रक्कम प्रकरणागणिक बदलते.

प्रकल्पातून बाहेर पडून पैसे परत हवे असतील, तर दोन्ही बाजू तोडीच्या आहेत. न्यूटेक प्रमोटर्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये सांगितले की, ताब्याची तारीख चुकल्यावर परतावा मागण्याचा खरेदीदाराचा हक्क बिनशर्त आहे. विलंबाची कारणे काहीही असोत. ग्राहक आयोगाच्या बाजूने पायोनियर अर्बन (2019) खटल्यातील निकाल महत्त्वाचा आहे, कारण तेथे बिल्डरने एकतर्फी लिहून घेतलेल्या करारातील कलमे खरेदीदारावर बंधनकारक नाहीत असे ठरले. ताब्याची ठराविक तारीखच लिहिलेली नसेल अशा करारांसाठी 2018 मधील फॉर्च्यून इन्फ्रास्ट्रक्चर निकालात तीन वर्षे ही वाजवी मुदत मानली गेली. मात्र एक मर्यादा ध्यानात ठेवावी. भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यास योग्य असल्याचा दाखला) मिळून ताबा देऊ केल्यानंतर ‘आता मला घरच नको’ असे म्हणणाऱ्याची बाजू आयोगासमोर लंगडी पडू शकते. आयरिओ ग्रेस खटल्यात (2021) अशा खरेदीदारांना ताबा घेऊन विलंबाची भरपाई स्वीकारण्यास सांगितले गेले. परताव्याचा अर्ज त्या प्रमाणपत्रापूर्वी करणे शहाणपणाचे.

मानसिक त्रास, भाड्याने राहण्याचा खर्च, हप्त्यांचे ओझे यांची वेगळी भरपाई हवी असेल, तर गणित बदलते. महारेरामध्ये हे काम विभागलेले आहे. परतावा आणि व्याज प्राधिकरण देते. भरपाईचा निर्णय मात्र कलम 71 खालील न्यायनिर्णय अधिकारी करतो, त्यासाठी अर्ज स्वतंत्र करावा लागतो. आयोगात परतावा, व्याज, त्रासाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च हे सारे एकाच तक्रारीत मागता येते. ज्याच्या दाव्यात भरपाईचा भाग मोठा आहे, त्याने याचा विचार करावा.

ताबा मिळाला, पण भिंतींतून पाणी झिरपते किंवा भोगवटा प्रमाणपत्रच नाही, अशा तक्रारींत माझा कल वेगळा आहे. बांधकामातील दोषांसाठी रेराचे कलम 14 उपयोगी पडते: ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत दोष कळवला, तर बिल्डरने तो 30 दिवसांत विनामूल्य दुरुस्त करावा लागतो. पाच वर्षे उलटली की ही वाट बंद होते. भोगवटा प्रमाणपत्राच्या बाबतीत मात्र मुंबईतील समृद्धी सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्याने ग्राहक आयोगाला बळ दिले आहे. प्रमाणपत्र नसल्यामुळे त्या संस्थेला मालमत्ता कर 25 टक्के जास्त आणि पाण्याचे शुल्क 50 टक्के जास्त भरावे लागत होते. जानेवारी 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही सेवेतील त्रुटी असून तिचे कारण रोज चालू राहते, असे म्हटले. याचे मोल मुदतीच्या प्रश्नात कळते, कारण ग्राहक कायद्यात तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांत करावी लागते. कारण चालूच असेल तर हा अडसर पडत नाही; नसेल तर विलंब माफीचा अर्ज करून उशिराचे पुरेसे कारण पटवून द्यावे लागते.

वेळेबद्दल दोन्ही कायद्यांत छान आकडे आहेत. रेरा 60 दिवस म्हणतो, ग्राहक कायदा तीन महिने. हे आकडे वाचून भिंतीवरच्या दिनदर्शिकेत खूण करू नये, इतकेच सांगतो.

अपील ही त्याहून विचारात घेण्याजोगी बाब आहे. महारेराच्या आदेशाविरुद्ध अपिलीय न्यायाधिकरणात जाताना बिल्डरला खरेदीदारास द्यायची व्याजासह संपूर्ण रक्कम आधी जमा करावी लागते. कलम 43 ची ही अट न्यूटेक निकालात टिकली. आयोगांच्या साखळीत अपिलासाठी आदेशातील निम्मी रक्कम भरावी लागते. निव्वळ वेळ काढण्यासाठी अपील करणाऱ्या बिल्डरला रेराची अट जास्त टोचते.

शेवटी वसुली, ज्याचा विचार बहुतेक तक्रारदार सर्वांत उशिरा करतात. रेराचे कलम 40 रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करू देते. बिल्डरने आदेश पाळला नाही, की वसुली वॉरंट निघून जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि तेथून तहसील कार्यालयात जाते. पुढे मालमत्तेची जप्ती व लिलाव होऊ शकतो. कागदावर हे दणकट दिसते, परंतु तहसील कार्यालयाच्या कामांच्या ढिगात ते वॉरंट पडून राहू नये म्हणून बिल्डरच्या मालमत्तेचा तपशील, सर्व्हे क्रमांक, न विकलेल्या सदनिका हे सारे स्वतः जमवून देणे चांगले. प्रकल्पाच्या नोंदणीच्या पानावर यातले बरेच काही सापडते. आयोगाकडे दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, दाखल करून आदेश दिवाणी हुकूमनाम्याप्रमाणे राबवता येतो, आणि त्याच्या जोडीला ग्राहक कायद्याचे कलम 72 आहे: आदेश न पाळणाऱ्यास एक महिना ते तीन वर्षे कैद, किंवा 25,000 ते 1 लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. ज्या बिल्डरकडे जप्त करण्यासारखी जमीन व फ्लॅट आहेत, त्याच्या बाबतीत मी महारेरा निवडेन. ज्याची मालमत्ता दुसऱ्यांच्या नावांत विखुरली आहे, पण जो शहरात प्रतिष्ठेने वावरतो, त्याच्यासाठी कलम 72 ची नोटीस अधिक परिणामकारक ठरण्याची शक्यता मला जास्त वाटते.

अर्ज करण्यापूर्वी बिल्डर कंपनीविरुद्ध दिवाळखोरीची कार्यवाही सुरू झाली आहे का, हे राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाच्या संकेतस्थळावर अवश्य पाहावे. ती दाखल होऊन स्थगिती लागू झाली असेल, तर त्या कंपनीविरुद्धच्या तक्रारी आणि वसुली दोन्हीकडे थांबते, आणि खरेदीदाराला आपला दावा मुदतीत ‘सीए’ नमुन्यात हंगामी निराकरण व्यावसायिकाकडे (या कार्यवाहीत कंपनीचा कारभार पाहणाऱ्या व्यक्तीकडे) नोंदवावा लागतो.