पॉइंट ब्रेक: १९९१चा की २०१५चा?
सांगाडा एकच: एफबीआयचा जॉनी युटा वेषांतर करून टोळीत शिरतो आणि म्होरक्या बोधीनं भारावून जातो. कॅथरीन बिगेलोच्या १९९१च्या चित्रपटातली टोळी लॉस एंजेलिसच्या सर्फरांची, रेगन-निक्सन या अमेरिकी अध्यक्षांचे मुखवटे घालून बँका लुटणारी. त्यातला पायी पाठलाग बघाच. परसांतून, कुंपणांवरून कॅमेराही धापा टाकत पळतो. बोधी तर युटाच्या अंगावर चक्क कुत्रा भिरकावतो! शेवटी नेम धरूनही युटा हवेत गोळ्या झाडतो, तिथे दोघांचं नातं न बोलता कळतं.

२०१५च्या आवृत्तीत विंगसूट (पंखांसारखा पोशाख) घालून झेपा, बर्फाचे कडे, व्हेनेझुएलातला एंजल फॉल्स धबधबा. स्टंट डोळे दिपवणारे, पण सर्फिंग तोंडी लावण्यापुरतं आणि बोधीचं प्रवचन काही संपत नाही. मोठा पडदा मिळाला तरच हा; घरी जुनाच लावा.