फिर्याद घेतली नाही तर: पोलीस अधीक्षक की न्यायदंडाधिकारी?

समजा, रावेरकडच्या शेतकऱ्याचे ट्रॅक्टरभर केळीचे घड रातोरात कापून नेले आणि पुढाऱ्याचा फोन येताच ठाण्यात ‘आपसांत मिटवा’ असे सांगण्यात आले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) नुसार जळगावला पोलीस अधीक्षकांकडे टपालाने लेखी तक्रार पाठवता येते. खर्च किरकोळ, मात्र निर्णय त्याच खात्याच्या हाती राहतो. कलम १७५(३) चा न्यायदंडाधिकाऱ्यांचा मार्ग शपथपत्र, बहुधा वकील आणि तारखाही मागतो, शिवाय तेथे पोलिसांचे म्हणणेही विचारात घेतले जाते. तरीही वजनदार माणसाविरुद्ध मला तोच अधिक भरवशाचा वाटतो. अर्थात आधी अधीक्षकांकडे गेल्याचा पुरावा तेथे लागतोच, म्हणून टपालाची पावती जपून ठेवावी.