नुसती क्लच प्लेट की पूर्ण सेट?

गॅरेजमधला प्रश्न ठरलेला असतो: ‘साहेब, नुसती प्लेट टाकू की सेट?’ सेट म्हणजे क्लच प्लेट, तिला फ्लायव्हीलवर (इंजिनाला जोडलेल्या जड चाकावर) दाबून धरणारी प्रेशर प्लेट आणि पेडल दाबल्यावर ती पकड सोडवणारं रिलीज बेअरिंग. दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखं आहे, पण क्लचपर्यंत पोचायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो; तो खरंच उतरवावा लागणार का, हे आधी बघा.

क्लच स्लिप होतोय हे चढावर, वरच्या गिअरमध्ये लवकर कळतं. खंबाटकी किंवा कसारा चढताना ॲक्सिलरेटर दाबला की आरपीएम चढतो, गाडी मात्र तेवढ्याच वेगात रेंगाळते, वर लायनिंग (प्लेटचा घर्षणाचा थर) जळाल्याचा वास. अल्टो, वॅगनआरसारख्या केबलच्या गाडीत आधी पेडलचा फ्री प्ले (क्लचवर जोर येण्याआधीची मोकळी चाल) तपासा. तो उरलाच नसेल तर बेअरिंग सतत दाबलेलं राहतं आणि धडधाकट प्लेटही घसरते. अशा वेळी केबलचा नट फिरवून भागू शकतं.

पेडल पूर्ण दाबूनही रिव्हर्स खरखरत पडत असेल तर क्लच नीट सुटत नाहीये. हायड्रॉलिक गाडीत (जिथे केबलऐवजी फ्लुइडच्या दाबाने क्लच चालतो) आधी फ्लुइडची पातळी आणि मास्टर (पेडलकडच्या), स्लेव्ह (क्लचकडच्या) सिलिंडरची गळती बघा. पेडल दोन-तीनदा मारल्यावर गिअर सुरळीत पडला तर दोष बहुधा तिथेच, किंवा लाइनमध्ये हवा आहे. न्यूट्रलमध्ये पेडल दाबल्यावर किरकिर सुरू झाली तर संशय रिलीज बेअरिंगवर. पेडल दाबल्यावर आवाज थांबत असेल तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं (क्लचकडून गती आत नेणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग ऐकायला हवं. तिथे नवी प्लेटही उपयोगाची नाही आणि सेटही.

नुसत्या प्लेटची बाजू सरळ आहे: खर्च कमी. प्रेशर प्लेट अलीकडेच बदललेली असेल किंवा गाडी लवकरच विकायची असेल, तर तो निर्णय चुकीचा म्हणता येणार नाही. मात्र जुनी प्रेशर प्लेट हातात घेऊन बघा. पृष्ठभागावर नखाला चर लागता कामा नये, तापल्याचे निळे डाग नकोत, आणि डायफ्रॅम स्प्रिंगच्या (प्रेशर प्लेटमधल्या चकतीसारख्या स्प्रिंगच्या) बोटांची टोकं एका पातळीत असावीत, झिजून खड्डा पडलेला नसावा. चरांच्या पृष्ठभागावर नवी प्लेट सगळीकडे टेकत नाही. मग पहिल्या गिअरमध्ये गाडी थरथरत उठते.

मी स्वतः सेट निवडला तो बेअरिंगमुळे. तिघांत सर्वांत स्वस्त वस्तू हीच, आणि ती बदलायला मेहनत तेवढीच. फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीत गिअर ऑइल काढा, ड्राइव्ह शाफ्ट ओढा, माउंटिंग सोडा, मग गिअरबॉक्स खाली. नवी प्लेट घातल्यावर काही महिन्यांनी जुनं बेअरिंग किरकिरायला लागलं तर हे सगळं पहिल्यापासून, मजुरीसकट. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये दिवसभर पेडल दाबून-सोडून बेअरिंगही प्लेटच्या जोडीनेच झिजतं. जुनं बेअरिंग हातात फिरवून गुळगुळीत वाटलं म्हणून भरवसा ठेवू नये. भार पडल्याशिवाय त्याचा आवाज कळत नाही. काही गाड्यांत स्लेव्ह सिलिंडर आणि बेअरिंग एकाच तुकड्यात, बेल हाउसिंगच्या (क्लच झाकणाऱ्या कवचाच्या) आत असतात. तिथे सिलिंडरचा सील गेला तर फ्लुइड थेट क्लचवर. अशा गाडीला जुना भाग परत बसवणं मला तरी पटत नाही.

सेट घेतला म्हणून बाकीचं सोडू नका. फ्लायव्हीलवर चर असतील तर लेथवर फेसिंग करून तो सपाट करा, पण ड्युअल मास (दोन भागांचा, मध्ये स्प्रिंग असलेला) असेल तर लेथला हात लावू नका. तो तपासून गरज पडली तर बदलायचा. क्रँकचा मागचा ऑइल सील ओला दिसला तर आत्ताच बदला, नाहीतर नवी प्लेट तेलात भिजेल. नव्या प्रेशर प्लेटवरचं गंजरोधक तेल ब्रेक क्लीनरने पुसा. प्लेटची फ्लायव्हीलकडची बाजू खुणेप्रमाणे ठेवा, अलाइनमेंट टूलने मध्यावर धरा, बोल्ट समोरासमोरचे आळीपाळीने थोडे थोडे आवळून शेवटी ठरलेला टॉर्क (आवळण्याचा जोर) द्या. स्प्लाइनला (इनपुट शाफ्टवरच्या खाचांना) ग्रीसचा पातळ हात पुरे. जास्तीचं उडून लायनिंगवर जातं. पहिले 500 किलोमीटर घाटात हाफ क्लचवर गाडी धरू नका.