‘सगळं एकात’ खताची बाटली, मग द्राक्षबागेतलं खत: नेरूळच्या टँकमधले आठ महिने

पाण्यातल्या झाडांचा हा फिश टँक नोव्हेंबरमध्ये लावला. 60 बाय 30 बाय 30 सेंटिमीटर, म्हणजे हिशोबाने 54 लिटर, पण माती-दगड जाऊन खरं पाणी साधारण 45 लिटर. वर 24 वॅटचा एलईडी, मागे काचेच्या कडेला टांगायचा हँग-ऑन फिल्टर, झाडांसाठी वेगळा सीओटू (कार्बन डायऑक्साइड) नाही. व्हॅलिसनेरिया, जावा फर्न, अनुबियस आणि थोडं रोटाला क्रॉफर्ड मार्केटहून आणलं. मासे गप्पी, पुढे दहा चेरी झिंगे. झाडांसोबत दुकानदाराने खताची 250 मिलीची बाटली दिली. ‘ह्यात सगळं येतं, वेगळं काही घालू नका.’

तिसऱ्या आठवड्यात काचेवर तपकिरी थर आला. नवीन टँकमध्ये तो येतोच. बोटाने पुसत राहिले, दीड महिन्यात आपोआप गेला. त्याच्यासाठी काही विकत घेऊ नका.

खरा त्रास जानेवारीत सुरू झाला. काचेवर आणि अनुबियसच्या पानांवर हिरवे कडक ठिपके, ब्लेडशिवाय न निघणारे. व्हॅलिसनेरियाची जुनी पानं पिवळी पडून विरघळू लागली, जावा फर्नच्या जुन्या पानांना टाचणीएवढी भोकं पडली. मार्चपर्यंत फिल्टरच्या तोंडाशी ‘काळी दाढी’ म्हणजे काळं केसाळ शेवाळ उगवलं. मी सगळ्यांसारखाच विचार केला: शेवाळ आलं, म्हणजे खत जास्त झालं. बाटली बंद केली, मासे दोन दिवस उपाशी ठेवले, पाणी बदलणं वाढवलं. सगळं आणखी बिघडलं.

मग नायट्रेट आणि फॉस्फेटचं टेस्ट किट घेतलं. दोन्ही शून्य. नायट्रेटच्या किटबद्दल एक सांगायलाच हवं: दुसऱ्या क्रमांकाची बाटली अर्धा मिनिट जोरात हलवली नाही, तर खाली बसलेली पूड मिसळत नाही आणि आकडा खोटाच कमी येतो. म्हणून मी परत नीट हलवून तपासलं. तरीही शून्यच.

त्या दिवशी पहिल्यांदा बाटलीवरचं बारीक लेबल वाचलं. लोह, मँगनीज, जस्त, बोरॉन, तांबं, मॉलिब्डेनम आणि जरासं पोटॅशियम. नत्र नाही, स्फुरद नाही. उलट ‘नायट्रेट-फॉस्फेट विरहित’ हे ठळक अक्षरात, गुण म्हणून छापलेलं! माती नवी होती तोवर झाडांनी तिच्यातलं खाल्लं. ते संपल्यावर त्यांनी स्वतःच्या जुन्या पानांतलं नत्र आणि पोटॅशियम काढून नव्या कोंबाला दिलं. म्हणून बिघाड नेहमी जुन्या पानांत दिसत होता. लोह कमी असतं, तर कोंब फिके पडले असते, कारण लोह झाडाला जुन्या पानातून हलवता येत नाही. नवीन पान बिघडलंय की जुनं, हे मी आता सगळ्यात आधी बघते. आणि शेवाळाला अन्न फार थोडं लागतं. झाडाची वाढ थांबली, पानं कुजू लागली, वर दहा तास दिवा, की त्याला रान मोकळं.

उपाय नाशिकच्या मावसभावाने सांगितला. त्याच्या द्राक्षबागेत ठिबकमधून ‘तेरा शून्य पंचेचाळीस’ आणि ‘शून्य बावन्न चौतीस’ ही खतं जातात. पहिलं पोटॅशियम नायट्रेट, दुसरं मोनो पोटॅशियम फॉस्फेट, म्हणजे महागड्या बाटल्यांत असतात तीच क्षारं. त्याने दोन्ही थोडी थोडी पाठवली. कृषी सेवा केंद्रात एकोणीस-एकोणीस-एकोणीस हे मिश्र खतसुद्धा मिळतं, ते मात्र टँकमध्ये कधीही घालू नका. त्यात अमोनियाकल नत्र आणि युरिया असतो, मासे आणि झिंगे त्याने मरू शकतात.

माझं प्रमाण असं: अर्धा लिटर पाण्यात 30 ग्रॅम पोटॅशियम नायट्रेट आणि 3 ग्रॅम मोनो पोटॅशियम फॉस्फेट. त्यातले 10 मिली टाकले की 45 लिटरमध्ये सुमारे 8 पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) नायट्रेट आणि 1 पीपीएमच्या जवळ फॉस्फेट वाढतं. सुरुवातीला आठवड्यातून दोनदा घातलं. एप्रिलअखेर नायट्रेट 40 दाखवायला लागलं, तेव्हा एकदावर आणलं. जुनी बाटली फेकली नाही. सूक्ष्म अन्नद्रव्यांसाठी ती चांगलीच आहे, फक्त वेगळ्या दिवशी घालते, कारण लोह आणि फॉस्फेट एकत्र आले की साका बनून वाया जातात.

सोबत दिवा टायमरवर साडेसहा तासांवर आणला आणि पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदा लावला. संध्याकाळचं ऊन थेट काचेवर येत होतं, ते मी हिशोबात धरलंच नव्हतं.

काळ्या दाढीला खताने फरक पडला नाही. तिच्यासाठी फिल्टर बंद करून हायड्रोजन पेरॉक्साइड सिरिंजने थेट तिच्यावर सोडलं. औषधाच्या दुकानात मला 6 टक्क्यांचं मिळालं, ते तेवढंच पाणी घालून 3 टक्के केलं आणि एका वेळी 20 मिलीच वापरलं. चार दिवसांत ती गुलाबी पडली आणि झिंग्यांनी साफ केली. मे महिन्यात पाणी 32 अंशांवर गेलं, तेव्हा ती थोडी परत आली. छोट्या पंख्याने दोनच अंश उतरले. आपल्या दमट हवेत त्याहून जास्त उतरत नाहीत.

नळाचं पाणी मोरबे धरणाचं आणि मऊ आहे, माझ्या किटवर जीएच (पाण्याची कठीणता) 3. आरओची गरज नाही. पावसाळ्यात क्लोरीनचा वास वाढतो, म्हणून सध्या क्लोरीन घालवणारं अँटिक्लोर न चुकता घालते.

आज जुलै. काचेवर ठिपके आठवड्याला दोन-चार. अनुबियसच्या जुन्या पानांवरचे गेले नाहीत, ती पानं कापली. व्हॅलिसनेरिया पृष्ठभागावर लोळतंय, त्याला फुटलेली नवी रोपं शेजारच्या काकूंना दिली. खताच्या मिश्रणाची पहिली बाटलीही अजून संपलेली नाही. रोटाला मात्र खालून उघडं पडतंय. पुढच्या महिन्यात त्याचे शेंडे कापून दिव्याच्या बरोबर खाली लावणार आहे, दिव्याचे तास न वाढवता.