पितळ-तारेची चासी की तयार पोलादी?

अमेरिकेतल्या १/२४ रेट्रो स्लॉट कार शर्यतींत (खऱ्या गाडीच्या चोविसाव्या भागाएवढ्या, ट्रॅकच्या खाचेत धावणाऱ्या विजेवरच्या गाड्या) १९६० च्या दशकातल्या कॅन-ॲम या उत्तर अमेरिकी शर्यतमालिकेतल्या गाड्यांच्या हलक्या प्लॅस्टिक बॉड्या दिसतात. खरा प्रश्न त्यांच्या खालच्या चासीचा, म्हणजे सांगाड्याचा.

पोलादी चासी तयार मिळते. मोटर, गिअर, चाकं बसवली की संध्याकाळी गाडी ट्रॅकवर. पितळ आणि पियानो वायरची (कडक पोलादी तारेची) चासी जिगवर, म्हणजे भाग जागेवर पकडणाऱ्या साच्यावर, धरून स्वतः सोल्डर करावी लागते. तरी माझं मन पितळेकडेच. वजन जमिनीलगत राहतं, वळणावर गाडी खाचेतून सहज निसटत नाही, आणि तारेची जाडी बदलून लवचीकपणा हवा तेवढा ठेवता येतो. मागच्या आसाला मात्र भरपूर वेळ द्या. तो तिरका बसला तर क्राउन गिअर, म्हणजे मोटरची गती आसाला देणारं दातेरी चाक, लवकर झिजतो. सोल्डर करताना सांधा साफ करायला लावलेला आम्लाचा फ्लक्स लगेच धुवा, नाहीतर तार गंजते.

सोल्डरिंग आयर्न कधीच धरलं नसेल, तर पहिली गाडी पोलादीच घ्या.