ग्रेट सर्कल मॅपर: अंतर चोख, वेळ आपणच काढायची

दोन विमानतळांमधलं अंतर बघायला ग्रेट सर्कल मॅपरइतकी सरळ साइट दुसरी नाही. फुकट आहे, लॉगिन नाही, दिसायला जुनाट. चौकटीत विमानतळांचे तीन अक्षरी कोड मध्ये आडवी रेघ देऊन टाका, उदा. बीओएम-एलएचआर (अर्थात इंग्रजी अक्षरांत), की मुंबई-हीथ्रो ७,२०० किलोमीटरच्या आसपास येतं. एकक आधी किलोमीटर करून घ्या. मैलातला ४,४७९ हा आकडा किलोमीटर समजून पुढचं गणित केलं तर सगळंच फसतं. कोड शहराचा नको, विमानतळाचा हवा: गोव्यात दाभोळी जीओआय, मोपा जीओएक्स.

नकाशावरची रेषा वाकडी दिसते, पण पृथ्वीगोलावर दोरा ताणून धरला तर तो तिथूनच जातो. सिंगापूर-न्यूयॉर्क (जेएफके) टाकून बघा. सुमारे १५,३५० किलोमीटर, आणि रेषा उत्तर ध्रुवापासून तीनशे किलोमीटरच्या आत! प्रत्यक्षात सिंगापूरहून निघालेलं विमान बरेचदा पॅसिफिकवरून, पाठीशी वारा घेऊन जातं. अंतर वाढतं, तरी तेच परवडतं.

इथेच या साइटची मर्यादा कळते. ती भूमितीतलं अंतर देते; वारा, बंद हवाई हद्द, धावपट्टीची रांग तिच्या हिशेबात नाही. मुंबई-लंडनची रेषा कराचीजवळून जाते. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानकंपन्यांना हद्द बंद केली, तेव्हा त्यांना त्या हद्दीला वळसा घालावा लागला. नकाशावर मात्र तीच रेषा, तोच आकडा.

वेळेसाठी अंतराला ८९० किलोमीटर प्रतितासाने भागा आणि चढण-उतरणीचा अर्धा तास मिळवा. मुंबई-लंडन साधारण ८ तास ३५ मिनिटं येतं. तिकिटावर साडेनऊ ते दहा असतात. पश्चिमेकडे जाताना वारा समोरून येतो, शिवाय कंपनी गेटपासून गेटपर्यंतची वेळ धरते. हीथ्रोवर उतरण्याआधी घिरट्या घालाव्या लागतात, त्याचीही सोय त्यातच. येताना वारा पाठीवर, म्हणून नऊच्या आसपास. नुसतं अंतर भागून ‘प्रवासाचा वेळ’ दाखवणाऱ्या साइट जाता-येता एकच आकडा देतात, तो विसरलेला बरा.

कनेक्टिंग तिकीट घ्यायचं असेल तर खरी गंमत आहे. बीओएम-डीएक्सबी-जेएफके असं सलग टाका. दुबईमार्गे न्यूयॉर्क सरळ रेषेपेक्षा जेमतेम ४०० किलोमीटरनं लांब पडतं, म्हणजे हवेत अर्धा तास. बाकीचे तास खातो तो दुबईतला मुक्काम आणि दुसऱ्यांदा उतरणं-चढणं. तेव्हा तिकिटं ताडताना थांब्याची वेळ आधी बघा, किलोमीटर मागाहून. दोन पूर्ण मार्गांच्या मध्ये स्वल्पविराम दिला (बीओएम-जेएफके, बीओएम-डीएक्सबी-जेएफके) तर ते वेगवेगळे निघतात, तुलनेला तेच बरं.

एक गोष्ट साइट अजिबात करत नाही: घड्याळ जुळवणं. तिकिटावरच्या वेळा त्या-त्या गावच्या असतात. मुंबईहून दुपारी २ ला निघून लंडनला संध्याकाळी ७ ला पोचणारं विमान उन्हाळ्यात साडेनऊ तास हवेत-जमिनीवर मिळून घेतं, हिवाळ्यात त्याच वेळांचा अर्थ साडेदहा तास होतो. लंडनचं घड्याळ मार्चअखेर तासभर पुढे आणि ऑक्टोबरअखेर मागे जातं, आपलं जागच्या जागी.